सकाळच्या पहिल्या पावलाची कळ: टाचदुखीवर सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वय 46. शिक्षिका, दिवसातले पाच-सहा तास उभ्याने काम. सात महिन्यांपासून उजवी टाच दुखते. सकाळी पलंगावरून उतरून पाय टेकवला की काटा रुतल्यासारखी कळ येते, दहा-पंधरा पावलं चाललं की कमी होते आणि संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. एक्स-रे काढला तेव्हा ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं कळलं. एक इंजेक्शन घेतलं, पाच आठवडे छान गेले, मग पुन्हा तेच. आता हाड काढायचं ऑपरेशन करून घ्यावं का? तोवर चालणं बंद ठेवावं का? कॅल्शियमची गोळी चालू होती, ती हाड वाढलं म्हणून थांबवली, ते बरोबर केलं का?

ताई, आधी तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, मग कारणं सांगते. ऑपरेशनचा विचार आत्ता नको. चालणं पूर्ण बंद करू नका. आणि कॅल्शियमची गोळी डॉक्टरांनी ज्या कारणासाठी दिली होती ते कारण अजून असेल, तर त्यांना विचारून ती पुन्हा सुरू करा. टाचेचं हाड गोळीमुळे वाढत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बावीस वर्षं या कामात गेली आणि त्यातला मोठा भाग पावलं तपासण्यातच गेला. तुम्ही लिहिलेलं वर्णन इतकं ओळखीचं आहे की निदान जवळपास त्यातच आहे. तरी ‘जवळपास’ म्हणते, कारण टाच हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय मी कुणालाच पक्कं सांगत नाही. ती तपासणी तुम्ही स्वतःही करू शकता. खुर्चीवर बसा, उजवं पाऊल डाव्या गुडघ्यावर ठेवा. एका हाताने पायाचा अंगठा नडगीच्या दिशेने मागे ओढा. तळव्याच्या आतल्या बाजूला एक ताठ दोरी उभी राहिल्यासारखी लागेल. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्या दोरीवरून टाचेकडे सरकत या. दोरी जिथे हाडात शिरते, म्हणजे टाचेच्या मधोमध नाही तर जरा पुढे आणि आतल्या अंगाला, तिथे दाबल्यावर ‘हेच ते’ असं तोंडून निघालं, तर तुमचं दुखणं प्लँटार फॅसायटिसचं असण्याची शक्यता फार मोठी आहे.

ती दोरी म्हणजे प्लँटार फॅसिया. टाचेच्या हाडापासून निघून पाची बोटांच्या मुळांपर्यंत पसरलेला, जाड, पांढरट, फारसा न ताणला जाणारा पट्टा. पावलाची कमान सांभाळण्यात त्याचा मोठा वाटा आहे. चालताना टाच उचलली जाते, चवडा जमिनीवर राहतो आणि बोटं मागे वळतात, तेव्हा हा पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो आणि ताणला जाऊन कमान वर उचलतो. विहिरीवरच्या रहाटावर दोर गुंडाळला जाऊन बादली वर येते, अगदी तसंच. हिक्स या इंग्लिश शल्यविशारदाने 1954 साली ही यंत्रणा मांडली आणि तिला रहाटाचंच नाव दिलं. ती आजही प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते, कारण पुढचा सगळा उपचार तिच्यावर उभा आहे. प्रत्येक पावलाला हा दोर ओढला जातो. ओढणं वाईट नाही, त्यासाठीच तो आहे. पण त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त ओढलं गेलं आणि भरून यायला वेळ मिळाला नाही, तर हाडाला चिकटतो तिथे तो झिजायला लागतो.

सकाळीच का दुखतं? रात्री झोपेत पावलं खाली झुकलेली असतात. पट्टा आणि पोटरी दोन्ही कित्येक तास सैल, आखूड अवस्थेत राहतात. उठल्यावर अख्ख्या शरीराचा भार एका क्षणात त्याच्यावर येतो आणि तो एकदम ताणला जातो. थोडं चाललं की तो सैलावतो. तास-दीड तास बसून उठल्यावरही अशीच कळ येत असेल, पाहा आठवून.

आता त्या वाढलेल्या हाडाकडे येते. माझ्याकडे येणाऱ्यांच्या मनात सगळ्यात खोल भीती याचीच असते. एक्स-रेमध्ये टाचेखाली एक टोक दिसतं, डॉक्टर त्यावर पेन ठेवून दाखवतात, आणि तेव्हापासून प्रत्येक पावलाला तो काटा मांसात घुसतोय असं चित्र डोक्यात पक्कं बसतं. ताई, तुमचा तोच एक्स-रे पुन्हा हातात घेऊन बघा. ते टोक खाली जमिनीकडे वळलेलं नाही. ते पुढे, बोटांच्या दिशेने, जमिनीला जवळपास समांतर आहे. तुम्ही त्याच्यावर उभ्या राहत नाही. पुष्कळदा तर ते या पट्ट्यातही नसतं, पट्ट्याच्या वर असलेल्या लहान स्नायूच्या मुळाशी असतं. वर्षानुवर्षं भार आणि ओढ पडत राहिली की हाड तिथे थोडं पुढे येतं. असं टोक असलेल्या कितीतरी माणसांची टाच आयुष्यात कधी दुखत नाही, आणि ज्यांची टाच भयंकर दुखते त्यांच्यातल्या अनेकांना ते टोक नसतं. बऱ्या झालेल्या माणसाचा एक्स-रे पुन्हा काढला तर टोक होतं तिथेच दिसतं. दुखणं गेलेलं असतं, हाड नाही. म्हणून हाड काढलं की दुखणं जाईल हा हिशोबच चुकीच्या जागेवरून सुरू होतो.

नावाबद्दलही थोडं. ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. या नावामुळे कित्येक वर्षं दाह कमी करणाऱ्या गोळ्या आणि स्टिरॉइडची इंजेक्शनं हाच मुख्य उपचार समजला गेला. 2003 साली अमेरिकेत 50 शस्त्रक्रियांमधून काढलेले या पट्ट्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. त्यांत दाहाच्या पेशी सापडल्या नाहीत. सापडले ते झिजलेले, विस्कटलेले तंतू. शस्त्रक्रियेपर्यंत गेलेली दुखणी जुनी असतात, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत दाह मुळीच नसतो असं यावरून म्हणता येत नाही. पण सात महिने मुरलेल्या तुमच्या टाचेसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. झिजलेला दोर गोळीने मजबूत होत नाही. त्याला हळूहळू वाढवत नेलेला भार लागतो.

तुमच्या इंजेक्शनचंही त्यावरून कळेल. पाच आठवडे बरं वाटून दुखणं परत आलं, यात तुमचं काही चुकलं नाही. स्टिरॉइडचा आराम बहुतेकांना साधारण एवढाच टिकतो. त्या पाच आठवड्यांत पट्ट्याला ताकद देणारं काहीच झालं नाही, म्हणून जिथून निघालात तिथेच परत आलात. दुसरं इंजेक्शन लगेच घेऊ नका असं मी आग्रहाने सांगते. पुन्हापुन्हा घेतलेल्या स्टिरॉइडने हा पट्टा तुटल्याची आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ झाल्याची उदाहरणं आहेत. तुटलेला पट्टा पुष्कळसा भरून येतो. विरळ झालेली गादी पहिल्यासारखी करता येत नाही, आणि त्या माणसाला मग प्रत्येक कठीण जमीन टोचते.

आता करायचं काय.

पहिली गोष्ट, भाराचा हिशोब. तुम्ही सात महिन्यांपूर्वीचा काळ आठवा. काहीतरी बदललं असणार. उभं राहण्याचे तास वाढले, नवी सपाट चप्पल आली, अचानक रोज तासभर चालायला सुरुवात केली, वजन वाढलं, किंवा कठीण फरशीवर अनवाणी वावर वाढला. मी विचारलं की बहुतेकांना आधी काहीच आठवत नाही आणि उठून जाताना दारात आठवतं. जे सापडेल ते काही आठवडे कमी करा, शून्यावर आणू नका. पूर्ण विश्रांती घेतली की दुखणं कमी होतं, पण पट्टा आणि पोटरी आणखी अशक्त होतात आणि कामावर परतलं की पहिल्याच आठवड्यात सगळं उसळून येतं. चालणं दोन-तीन तुकड्यांत वाटून घ्या. वर्गात सलग तास उभं न राहता मधूनमधून टेका, वह्या तपासणं बसून करा. आणि एक मोजपट्टी लक्षात ठेवा: दहापैकी चारपर्यंतचं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली कळ आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर काल जास्त झालं. तेवढंच कमी करायचं. सकाळची कळ ही तुमची रोजची परीक्षा आहे, तिच्यावरूनच पुढचं ठरवा.

दुसरी, ताण देण्याचा व्यायाम. पलंगावरून उतरण्याआधीच करायचा. मघाशी तपासणीला जसं बसलात तसंच बसा, बोटांची मुळं धरून बोटं नडगीकडे मागे ओढा, तळव्यात दोरी ताठ झालेली दुसऱ्या हाताने चाचपून बघा. दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यातलं एकदा पहिल्या पावलाआधी. 2003 साली 101 रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा हा ताण 8 आठवड्यांनी सरस ठरला. पोटरीचा ताण सोडायचा नाही, कारण घट्ट पोटरी टाचेला मागून ओढते आणि पट्ट्यावरचा भार वाढवते. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा मिनिट, तीन वेळा. मागचं पाऊल बाहेर वळू देऊ नका. बोटं सरळ भिंतीकडे हवीत. दहातले आठजण इथेच चुकतात आणि मग ‘केलं, पण फरक नाही’ म्हणतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी केली जाणारी: ताकद. जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभ्या राहा, कठड्याला हलका हात. एक छोटा टॉवेल घट्ट गुंडाळून बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील आणि रहाटाचा दोर गुंडाळला जाईल. टाचा पायरीच्या बाहेर. आता तीन सेकंदांत वर जा, वर दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली या. घाई करू नका, या व्यायामाचा अर्धा जीव त्या संथपणात आहे. सुरुवात दोन्ही पायांवर, जमलं की एका पायावर. बारा वेळा झाल्यावर तेरावी जमणार नाही इतका भार हवा. असे तीन संच, एक दिवसाआड. रोज नको, कारण मधला दिवस तंतू भरून यायला लागतो. दोनेक आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरा आणि दहा-दहाचे चार संच करा. आणखी दोन आठवड्यांनी पुस्तकं वाढवा आणि आठ-आठचे पाच संच. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 48 रुग्णांवर हाच व्यायाम तपासला होता. तीन महिन्यांनी हा गट नुसता ताण देणाऱ्या गटापेक्षा चांगला पुढे होता. वर्षाच्या शेवटी दोन्ही गट सारखे झाले, हेही सांगायला हवं. म्हणजे हा व्यायाम तुम्हाला लवकर बरं करण्यासाठी आहे. सात महिने लंगडलेल्या माणसासाठी ते ‘लवकर’ फार मोलाचं असतं.

करताना टाचेत थोडं दुखेल. ते चालेल, मघाची मोजपट्टी लावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक दिसत नाही आणि बहुतेकजण तिथेच सोडून देतात. माझ्या अनुभवात पहिली खूण सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसते, आणि ती दुखणं थांबल्याची नसते. कळ तेवढीच येते, पण पंधरा पावलांऐवजी चार पावलांत विरते. ती खूण दिसली की माणूस योग्य वाटेवर आहे असं मी समजते.

चपलांचं थोडक्यात. अगदी सपाट, पातळ चप्पल आणि कठीण फरशीवर अनवाणी चालणं सध्या टाळा, घरातसुद्धा. टाच चवड्यापेक्षा थोडी उंच, तळ घट्ट पण दाबला जाणारा, आणि मधून दुमडता न येणारं पादत्राण घ्या. दोन्ही टोकं धरून वाकवा: बोटांपाशी वाकलं तर ठीक, मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. फार मऊ, पाऊल रुतणारी चप्पल दुकानात सुखाची वाटते, पण तिच्यात कमानीला आधारच नसतो. आत घालायचे आधार, म्हणजे इनसोल, काहींना चांगले लागू पडतात. मापाने बनवलेले महाग इनसोल तयार मिळणाऱ्यांपेक्षा या दुखण्यात फारसे सरस ठरलेले नाहीत, तेव्हा आधी साधे वापरून बघा. पट्टी लावून कमानीला आधार देण्याची पद्धत, टेपिंग, पहिल्या एक-दोन आठवड्यांत छान आराम देते. ती फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. पाऊल काटकोनात धरणारा रात्रीचा पट्टा सकाळच्या कळेला मदत करतो, पण झोपमोड होत असेल तर हट्ट धरू नका. बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवायला हरकत नाही, बरं वाटतं. तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. पावलांत संवेदना कमी असेल, मधुमेह असेल, तर बर्फही नको आणि गरम शेकही नको.

तीन ते सहा महिने हे सगळं खरोखर केल्यावरही अडून राहिलं, तर शॉकवेव्ह उपचाराचा, म्हणजे यंत्राने बाहेरून टाचेवर दाबलहरींचे ठोके देण्याचा, विचार करता येतो. जुन्या दुखण्यात त्याचा उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यास आहेत आणि धोका कमी आहे. शस्त्रक्रिया त्याच्याही पुढची पायरी. तिच्यात मुख्यतः पट्ट्याचा काही भाग सोडवतात किंवा पोटरीचा घट्टपणा कमी करतात. जास्त पट्टा कापला तर कमान बसते आणि दुखणं पावलाच्या बाहेरच्या बाजूला सरकतं. योग्य उपचारांनी दहापैकी आठ-नऊ माणसं वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय बरी होतात. तुमचे सात महिने गेले खरे, पण त्यात भाराचा हिशोब आणि ताकद या दोन्ही गोष्टी झालेल्याच नाहीत, म्हणून मी ते सात महिने उपचाराच्या खात्यात धरत नाही.

इथवर सगळं तुमच्यासाठी. पण टाच दुखणारे बरेचजण एकमेकांचं ऐकून एकच व्यायाम करतात, आणि प्रत्येक टाच या पट्ट्याचीच असते असं नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची गोष्ट. पंचविशीतला एक मुलगा, दोन्ही टाचा दुखायच्या. मी पट्ट्याचं निदान केलं आणि पाच महिने ताण देण्याचे व्यायाम करून घेतले. काडीचा फरक नाही. एके दिवशी तो तपासणीच्या टेबलावरून उतरताना कमरेला हात लावून थांबला. मी विचारलं, कंबर दुखते का? म्हणाला, तीन वर्षं दुखते, सकाळी तासभर वाकता येत नाही, फिरलं की मोकळी होते. संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा दाहाचा संधिवात निघाला. या आजारात स्नायूबंध हाडाला चिकटतात तिथेच खरा दाह होतो आणि टाच ही त्याची आवडती जागा. त्याला औषधांनी फरक पडला. मी पहिल्याच दिवशी कमरेचं विचारलं असतं तर त्याचे पाच महिने वाचले असते. तेव्हापासून तरुण माणूस, दोन्ही टाचा, सकाळचा अर्धा तासाहून जास्त ताठरपणा, सोबत डोळे लाल होणं किंवा त्वचेवर सोरायसिस, हे विचारल्याशिवाय मी पावलाला हात लावत नाही.

जागेवरून बरंच ओळखता येतं. टाचेच्या अगदी मधोमध, खोल, जखम झाल्यासारखं दुखत असेल आणि अनवाणी चालताना वाढत असेल, तर चरबीची गादी विरळ झालेली असू शकते. ती साधारण पावणेदोन-दोन सेंटीमीटर जाड असते आणि वयानुसार तिचा उसळता गुण कमी होतो. तिथे ताणाचे व्यायाम फारसे कामाचे नाहीत, टाचेला खोलगट आधार देणारा कप लागतो. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जोराची कळ येत असेल आणि दुखणं पावलागणिक वाढतच जात असेल, तर हाडाला बारीक तडा आहे का ते बघायलाच हवं. धावणं अचानक वाढवलेल्यांत आणि हाडं ठिसूळ झालेल्यांत हे होतं. असे तडे ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या सैन्यातल्या डॉक्टरने 1855 साली लांब कूच करून आलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांवरून वर्णन केले, तेव्हा एक्स-रे नव्हता. आणि आज आहे तरी पहिले दोन-तीन आठवडे त्यात तडा दिसेलच असं नाही. एक्स-रे चांगला आहे म्हणून अशा टाचेवर व्यायाम लादू नका.

टाचेच्या मागे, बुटाची कड लागते तिथे किंवा त्याच्या वर दोन-तीन बोटं दुखत असेल तर तो अकिलिस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायूबंध. त्यालाही ताकदच लागते, आल्फ्रेडसन या स्वीडिश शल्यविशारदाने 1998 साली सांगितलेला टाच हळू खाली सोडण्याचा बारा आठवड्यांचा व्यायाम अजूनही पाया मानला जातो. फक्त दुखणं हाडाला चिकटण्याच्या जागी असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, जमिनीच्या पातळीवर थांबायचं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविकं घेत असताना तिथे दुखू लागलं तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, ही औषधं या स्नायूबंधाला इजा करू शकतात. मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून ‘टप्’ आवाज झाला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर स्नायूबंध तुटलाय असं समजून लगेच दवाखाना गाठा.

आठ ते चौदा वयाचं, खेळणारं मूल खेळून आल्यावर लंगडत असेल, तर बहुधा टाचेच्या वाढीच्या भागावरचा ताण असतो. आईवडील फार घाबरतात. घाबरू नका. खेळ थोडा कमी, टाचेखाली छोटी गादी, पोटरीचे व्यायाम, आणि वाढ पुरी झाली की ते जातं.

जळजळ, मुंग्या, रात्री झोपेतही ठणका, घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण्या, असं असेल तर नस दबलेली असू शकते. चवड्यात तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये खडा अडकल्यासारखं वाटणं आणि बूट काढून बोटं चोळल्यावर बरं वाटणं, हेही नसेचंच. तिथे पहिला उपचार पुढून रुंद बूट. घोट्याच्या आतून दुखत असेल, एका पायाची कमान हळूहळू बसत असेल आणि त्या एकाच पायावर टाच उचलता येत नसेल, तर थांबू नका. कमान धरून ठेवणारा तिथला स्नायूबंध वेळेत सांभाळला नाही तर पाऊल कायमचं सपाट होतं. आणि टाच दुखते म्हणून नुसतं युरिक ॲसिड तपासून गोळी सुरू करणं मला पटत नाही. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात, बहुधा अंगठ्याच्या मुळाशी एका रात्रीत लाल, गरम, चादरही सहन होणार नाही असा उठतो. रक्तात आकडा थोडा जास्त आहे एवढ्यावरून टाच त्याचीच असं ठरत नाही.

मधुमेह असलेल्यांना वेगळं सांगते. पाऊल लाल, गरम, सुजलेलं आहे आणि त्या मानाने दुखत फार कमी आहे, तर ती दिलाशाची गोष्ट नाही. संवेदना गेलेल्या पावलातली हाडं आतल्या आत ढासळत असू शकतात. त्या पावलावर भार देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप, जखम, पडल्यानंतर भार न घेता येणं, विनाकारण वजन उतरणं, यांतलं काही असेल तरीही व्यायाम नंतर, डॉक्टर आधी.

ताई, तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही. तरी मघाची अंगठ्याची तपासणी आणि टाच दोन्ही बाजूंनी दाबून बघणं आजच करा, आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम एकदा डोळ्यांसमोर करून तपासून घ्या. वहीत रोज दोनच आकडे लिहा: सकाळची कळ दहापैकी किती आणि ती किती पावलांत गेली. बारा आठवड्यांनी ती वही तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा, ऑपरेशनचं बोलणं तेव्हा करा. दुखणं थांबल्यावर ताकदीचा व्यायाम लगेच सोडू नका, आठवड्यातून दोनदा आणखी तीन-चार महिने चालू ठेवा. आणि तो दोन्ही पायांनी करा. उजवी टाच वाचवायला सात महिने डाव्या पायाने जास्तीचा भार उचललाय, तीही टाच अधूनमधून अंगठ्याने दाबून बघत जा.